लिव्हरच्या शिरांचं प्रेशर एंडोस्कोपीतून मोजायचं का? फ्लो तर नॉर्मल आलाय

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: तुमचे अण्णा, वय ६१, पंधरा वर्षांची शुगर, दारू कधीच नाही, बीएमआय ३२. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालीये ते मोजणारी तपासणी) २२, प्लेटलेट १ लाख २० हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.२. पोटावरून केलेल्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, "पोर्टल व्हेन १३ मिमी, फ्लो नॉर्मल" असं लिहून आलंय. आता इंदूरच्याच एका डॉक्टरांनी सांगितलं की एंडोस्कोपीतली सोनोग्राफी करून लिव्हरच्या शिरेत सुई घालू आणि प्रेशर मोजू, आणि तुमचे पुण्याचे भाऊ म्हणतात की हेच मानेच्या शिरेतून नळी घालून होतं मग पोटातून सुई कशाला. तुमचं म्हणणं, फ्लो नॉर्मल आहे तर प्रेशर मोजायचंच कशाला.

मी इंदूरातच पोटाचा डॉक्टर आहे, ही एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे आम्ही नुसतं ईयूएस म्हणतो ती, करायला लागून बारा-तेरा वर्षं झाली. मराठी आमचं इंदुरी आहे, सांभाळून घ्या. अण्णांना मी तपासलेलं नाही त्यामुळे "करा" किंवा "नका करू" असं इथून सांगणार नाही, पण कसा विचार करायचा ते नक्की सांगू शकतो. आणि माझ्या मते मान की पोट हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. प्रेशरचा आकडा हातात आल्यावर अण्णांच्या उपचारात काय बदलणार, हा खरा प्रश्न आहे. तो डॉक्टरांना विचारला का तुम्ही? बहुतेक नसेल, कोणीच विचारत नाही.

आधी फ्लो आणि प्रेशरचा घोळ सोडवू. लिव्हरला रक्त दोन रस्त्यांनी येतं. हिपॅटिक आर्टरी हृदयाकडून शुद्ध रक्त आणते, ते साधारण पाव हिस्सा. उरलेलं पाऊण पोर्टल व्हेनमधून येतं, म्हणजे आतडी, स्वादुपिंड, स्प्लीन (प्लीहा) इथून जमा झालेलं रक्त. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त लिव्हरमधून जातं, हृदय जेवढं फेकतं त्याच्या जवळजवळ चौथा भाग. बाहेर पडायला हिपॅटिक व्हेन्स, त्या लगेच वर मोठ्या शिरेत आणि तिथून हृदयात. निरोगी लिव्हर इतकी मऊ असते की एवढं रक्त जाऊनही आत आणि बाहेर प्रेशरचा फरक फक्त १ ते ५ एमएमएचजी असतो. बीपीच्या १२० शी तुलना करा म्हणजे कळेल किती हलकं काम आहे हे.

आता आमच्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, आठवा. राजवाड्यावर गर्दी दाबून भरलीये, पुढचा रस्ता अरुंद झालाय. तुम्ही गच्चीवर उभे राहून पुढे मिनिटाला किती माणसं बाहेर पडतात ते मोजलं तर तो झाला फ्लो. पण आत माणसं एकमेकांवर किती रेटतायत ते त्या मोजणीवरून कळत नाही. आकडा तोच राहील आणि आत श्वास घेणं मुश्किल झालेलं असेल. आणि लोक काय करतात, बाजूच्या गल्ल्यांत शिरतात. लिव्हर कडक झाली की पोर्टलचं रक्तही असंच बाजूच्या गल्ल्या शोधतं, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या वरच्या भागात, स्प्लीनच्या आसपास. रोज एखाद-दुसरा माणूस जाणाऱ्या गल्लीत हजार माणसं घुसली की भिंती फुगतात, त्याच त्या व्हॅरिसेस. गल्ल्या मोठ्या झाल्या की मुख्य रस्ता उलट बरा दिसायला लागतो, म्हणून १३ मिमीची पोर्टल व्हेन आणि "फ्लो नॉर्मल" यावर मी तरी निर्धास्त होत नाही. शिवाय सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर अशी कडक होऊन बसते त्या आजारात, आतड्यांकडच्या धमन्या सैल पडतात आणि पोर्टलमध्ये येणारं रक्तच वाढतं. म्हणजे एकीकडे अडथळा वाढला, दुसरीकडे आवक वाढली, आणि डॉपलरवाल्याला मधला वेग दिसतो नॉर्मलसारखा.

डॉपलर वाईट आहे असं नाही हं. पोर्टलमध्ये रक्ताची गाठ आहे का, रक्त लिव्हरकडे जातंय की उलटं, हिपॅटिक व्हेन्स उघड्या आहेत का, हे सगळं डॉपलरच सांगतो आणि ते आधी कळलंच पाहिजे. पण त्यातला वेगाचा आकडा आवाजाच्या लहरी आणि शीर यांच्यातल्या कोनावर ठरतो, कोन ६० अंशांच्या वर गेला की आकड्यात चूक फार वाढते. बीएमआय ३२ च्या पोटावर प्रोब दाबून, पेशंट श्वास धरतोय सोडतोय, त्यात हा कोन सांभाळणं किती अवघड ते ज्याने केलंय त्याला विचारा. शिवाय सकाळी पोहे-जलेबी हाणून आलेल्या माणसाचा पोर्टल फ्लो उपाशी माणसापेक्षा वाढलेलाच असतो, रिपोर्टवर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

ईयूएसमध्ये फरक एवढाच की सोनोग्राफीचा प्रोब नळीच्या टोकाला असतो आणि तो जठरात असतो. मध्ये चरबी नाही, बरगडी नाही, गॅस जवळजवळ नाही. लिव्हरचा डावा भाग जठराच्या भिंतीला अगदी लागून दिसतो, त्यामुळे जास्त फ्रीक्वेन्सी वापरता येते आणि चित्र फार स्वच्छ मिळतं. अन्ननलिका संपून जठर सुरू होतं तिथून जरा खाली नळी फिरवली की दोन प्रकारच्या शिरा दिसतात. ज्यांची भिंत पांढरी चमकते त्या पोर्टलच्या फांद्या, आणि ज्यांना भिंत जणू नाहीच, नुसता काळा पट्टा, त्या हिपॅटिक व्हेन्स. मग डॉपलरचा आवाज ऐकायचा. पोर्टल म्हणजे सलग घूंऽऽ, जरासा हेलकावा असलेला. आर्टरी फस् फस् फस्. हिपॅटिक व्हेन हृदयाच्या शेजारीच असल्याने तिच्यात हृदयाची प्रत्येक हालचाल उमटते, आवाज मागेपुढे होतो. लिव्हर कडक झाली की हा हेलकावा सपाट व्हायला लागतो. नवीन पोरं शिकायला येतात ती लाल रंग दिसला की आर्टरी म्हणतात, त्यांना मी पहिल्या दिवशी सांगतो की लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त आणि निळं म्हणजे लांब जाणारं, बस, आर्टरी-व्हेनशी रंगाचा संबंध नाही. प्रोब वळवला की तीच शीर लालची निळी होते.

पण इथेही बघून प्रेशर कळत नाही, त्याला सुई लागते.

पद्धत अशी: २५ गेजची बारीक सुई, तिला हेपरिन-सलाइन भरलेली नळी आणि प्रेशर मोजायचं छोटं मीटर जोडलेलं. जठरातून, लिव्हरच्या मांसातून जाऊन आधी हिपॅटिक व्हेनमध्ये टोक न्यायचं, थोडं सलाइन ढकलायचं, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची, असं तीनदा. मग सुई डाव्या पोर्टल शाखेत, तिथेही तीनदा. दोन्हींची सरासरी काढून वजाबाकी केली की तो फरक मिळतो. लिव्हरच्या मांसातून जाण्याचं कारण असं की सुई निघाली की ते मांसच भोक दाबून धरतं. सुई काढतानाही हळूहळू आणि डॉपलर चालू ठेवून, वाटेत रक्त वाहताना दिसत नाही तोवर पूर्ण बाहेर काढायची नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या टीमने पहिल्या २८ पेशंटवर ही पद्धत प्रसिद्ध केली, सगळ्यांमध्ये मोजमाप जमलं आणि कॉम्प्लिकेशन नव्हतं. त्याआधी डुकरांवर केलं होतं. मानेतून मोजायची पद्धत त्यामानाने आजोबा आहे, हिपॅटिक व्हेनमध्ये कॅथेटर अडकवून प्रेशर घ्यायची कल्पना १९५१ ची.

ऐकायला सोपं वाटतं पण यात गंमत फरकाची आहे. सगळा निर्णय पाच-दहा एमएमएचजीवर, आणि चूक व्हायला तेवढ्याच जागा. माझाच एक किस्सा सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मीटर पेशंटच्या अंगाला न लावता स्टँडला लावलेलं होतं. हिपॅटिक व्हेनचं रीडिंग झालं, ९. मग मला नळी फिरवायला अवघड जात होतं म्हणून अटेंडंटने टेबल जरा वर घेतलं, मीच सांगितलं होतं. पोर्टलचं रीडिंग आलं २०. फरक ११! सगळे खूश की बघा पकडलं. नशिबाने सिस्टरच्या लक्षात आलं की टेबल हललंय. साधारण सात सेंटीमीटर वर गेलं होतं, आणि सात सेंटीमीटर पाण्याची उंची म्हणजे पाच एमएमएचजी. पुन्हा लेव्हल करून मोजलं तर फरक ६. म्हणजे त्या माणसाला जन्मभराचं औषध मी टेबलाच्या उंचीवरून लिहिणार होतो. तेव्हापासून मीटर पेशंटच्या काखेच्या मधल्या रेषेवर हृदयाच्या पातळीला टेपने चिकटवतो, आणि दोन्ही रीडिंग होईपर्यंत टेबलाला हात लावू देत नाही.

दुसरी भानगड झोपेच्या औषधाची. मानेतून करताना पेशंट बहुतेक जागाच असतो, मान थोडी बधिर केली की झालं. ईयूएसला मात्र पेशंट झोपलेला लागतो, बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल देतात, आणि गाढ झोपेत प्रेशर बदलतं. अण्णा घोरत असतील (बीएमआय ३२ म्हणजे घोरत असतीलच) तर प्रत्येक घोरण्याला छातीतलं प्रेशर वरखाली होतं आणि मीटरचा आकडा नाचतो. मी अॅनेस्थेशियावाल्यांना आधीच सांगून ठेवतो की जेवढं कमी चालेल तेवढंच द्या, आणि श्वास शांत असताना आकडा धरतो.

मग मान बरी की पोट? मानेतून केलेलं हेच आजही मापदंड आहे, सगळ्या सीमारेषा त्यावरूनच ठरल्यात. ५ च्या वर पोर्टल हायपरटेन्शन, १० किंवा वर म्हणजे ते "सिरीयस" झालं, १२ च्या वर व्हॅरिसेस फुटायचा धोका. ईयूएसवाले आम्ही हे आकडे उसने वापरतो. मानेतून गेलं तर पोटात पाणी असलं, प्लेटलेट फार कमी असल्या तरी काम होतं, शिवाय तिथूनच बायोप्सीही घेता येते. पण मानेतून पोर्टलमध्ये कोणी जात नाही. हिपॅटिक व्हेनमध्ये फुगा फुगवून वाट अडवली की मागचं स्थिर प्रेशर कळतं आणि त्यावरून पोर्टलचा अंदाज बांधतात. दारू आणि व्हायरसच्या सिऱ्हॉसिसमध्ये हा अंदाज छान बसतो. फॅटी लिव्हरमध्ये तो कधी कधी खऱ्या पोर्टल प्रेशरपेक्षा कमी येतो असं आता दिसलंय. अण्णांचं फॅटीच आहे, त्यामुळे थेट पोर्टलमध्ये मोजण्याला त्यांच्या बाबतीत थोडा अर्थ आहे, हे मान्य करायला पाहिजे.

इथे एक तिरका मुद्दा, अण्णांना लागू नाही पण वाचणाऱ्यांत कोणाला असेल म्हणून. आपल्या देशात सिऱ्हॉसिस नसतानाही पोर्टल हायपरटेन्शन होणारे तरुण पेशंट बरेच दिसतात, मोठी स्प्लीन, रक्ताची उलटी, लिव्हरचे रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल. त्यांच्यात अडथळा लिव्हरच्या आतल्या बारीक पोर्टल फांद्यांत असेल तर मानेतून केलेलं प्रेशर फसवं कमी येतं आणि ईयूएसचं थेट रीडिंग खरं बोलतं. पण अडथळा मुख्य पोर्टल व्हेनमध्येच असेल, लहानपणीच ती गाठ होऊन बंद झालेली, तर डावी शाखा अडथळ्याच्या पुढे पडते! तिथे सुई घालून प्रेशर कमी आलं तर अर्थ शून्य, दाब तर मागे साचलाय. शिवाय तिथे आजूबाजूला कोलॅटरलचं, म्हणजे त्या बाजूच्या गल्ल्यांचं, जाळं असतं, सुई घालायला जागाच वाईट. म्हणून डॉपलर आधी नीट पाहिजे म्हटलं ना, ते याच्यासाठी.

आता अण्णा. फायब्रोस्कॅन २२, प्लेटलेट १ लाख २०. २०२१ च्या बावेनो बैठकीत (पोर्टल हायपरटेन्शनच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय बैठक) जे नियम ठरले त्यात फायब्रोस्कॅन १५ किंवा कमी आणि प्लेटलेट दीड लाख किंवा वर असेल तर गंभीर पोर्टल हायपरटेन्शन नाही असं धरायचं, २५ किंवा वर असेल तर आहे असं धरायचं. पण हा २५ चा नियम जाड माणसाच्या फॅटी लिव्हरला तितका बसत नाही. म्हणजे अण्णा मधल्या पट्टीत आहेत, वर नियम लागू करायलाही किंतु. अशाच माणसात प्रेशरचा आकडा कामाचा असतो. ज्याला पोटात पाणी झालंय किंवा एकदा रक्ताची उलटी झालीये त्याचं प्रेशर मोजून "वाढलंय" सांगणं म्हणजे पावसात भिजलेल्याला सांगणं की पाऊस आहे.

पण त्याही आधी एक साधी गोष्ट आहे. फायब्रोस्कॅन २० च्या वर किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असेल तर साधी एंडोस्कोपी तशीही करायचीच असते, आणि तुमच्या पोस्टमध्ये ती झाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मी काय करतो सांगतो. ईयूएस ठरलेली असली तरी त्याच दिवशी, त्याच झोपेत, आधी साधी नळी घालून अन्ननलिका आणि जठर बघतो. व्हॅरिसेस दिसल्या तर सुई वापरतच नाही. दिसल्या म्हणजे प्रेशर १० च्या वर आहे हे शरीरानेच लिहून दिलं, औषध सुरू करायचं, घरी जायचं. नाही दिसल्या तर ईयूएसची नळी घालून भिंतीच्या बाहेरच्या बाजूला बघतो, कारण साध्या नळीला आतली भिंत दिसते आणि गल्ल्या पुष्कळदा बाहेरून वाहत असतात. तिथे ठळक कोलॅटरल सापडले तरी उत्तर मिळालं. काहीच नाही सापडलं, तेव्हा सुई. आणि त्याच वेळी बायोप्सी हवी असेल तर जाड सुईने तीही होते, प्रेशर मोजून झाल्यावर. असं एका बैठकीत सगळं होणं हा ईयूएसचा खरा फायदा आहे, सुई जठरातून गेली की मानेतून गेली हा नव्हे.

आकड्याने काय बदलेल? १० किंवा वर आला तर कार्व्हेडिलॉल, पोर्टलचं प्रेशर कमी करणारी बीपीची गोळी. ६.२५ मिग्रॅने सुरू करून सोसेल तसं दिवसाला १२.५ पर्यंत. हे फक्त रक्तस्राव टाळायला नाही, पोटात पाणी होणं लांबवायलाही देतात, म्हणून व्हॅरिसेस नसल्या तरी आकड्याला किंमत आहे. वरचं बीपी ९० च्या आसपास राहत असेल किंवा दम्याचा त्रास असेल तर हे औषध जपून किंवा नाहीच. आणि हो, अण्णा बीपीसाठी आधीच कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल घेत असतील तर मोजायच्या आधी डॉक्टरांना सांगा, औषध चालू असताना घेतलेला आकडा कमी दिसणार आणि तो "नॉर्मल" म्हणून फाइलला लागेल. दुसऱ्या बाजूने, अण्णांचं बीपी तसंही वाढलेलं असेल आणि डॉक्टर म्हणत असतील की बीपीसाठी कार्व्हेडिलॉलच देऊन टाकू, तर मग मोजायची गरजच फार उरत नाही. माझ्याकडे असे कितीतरी पेशंट आहेत ज्यांचं प्रेशर मी कधीच मोजलं नाही आणि त्यांचं काही बिघडलं नाही. एकांनी विचारलं होतं, "भिया, मशीन आहे तर मोजत का नाही?" मशीन आहे म्हणून सगळ्यांना सुई टोचायची का.

धोके: रक्तस्राव, क्वचित इन्फेक्शन, पित्त गळणं, आणि सिऱ्हॉसिसवाल्यांत झोपेच्या औषधाचा अंमल लांबणं. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली किंवा आयएनआर दीडच्या वर असेल तर बहुतेक जण हात लावत नाहीत, अण्णांचे दोन्ही आकडे या मर्यादेच्या आत, ठीक आहेत. खर्चाचं मी बोलत नाही कारण ते किटवर आहे, तयार किट महाग असतं आणि सगळीकडे नसतं, काही ठिकाणी ओटीतल्या आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे प्रेशरचं मीटरच, जोडून काम करतात. तेही चालतं, लेव्हल आणि शून्य नीट लावलं तर. फक्त तुमचे डॉक्टर हे किती वेळा करतात ते मोकळेपणाने विचारा, चांगला डॉक्टर या प्रश्नाला चिडत नाही. मानेतून नियमित करणारा रेडिओलॉजिस्ट हाताशी असेल आणि ईयूएसचा हात नवा असेल तर मी माझ्या घरच्या माणसाला मानेतूनच करायला पाठवीन.

जायच्या दिवशी: रात्रीपासून उपाशी, शुगरची गोळी आणि इन्सुलिनचं आधी विचारून घ्या, इकोस्प्रिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या) चालू असेल तर आठवडाभर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. पोटाच्या डॉपलरचा नुसता कागद नाही, फोटो किंवा सीडी न्या. येताना अण्णांना स्कूटर चालवू देऊ नका, "मी बरा आहे" म्हणतील, ऐकू नका.

आणि रिपोर्ट हातात आला की त्यात हिपॅटिक व्हेनची तीन आणि पोर्टलची तीन रीडिंग वेगवेगळी लिहिलीयेत का, झोपेचं कोणतं औषध दिलं ते लिहिलंय का, एवढं बघा. नुसता एक फरकाचा आकडा असेल तर तिथेच बसून बाकीचे मागून घ्या. वर्षभराने औषधाचा फायदा झाला का बघायला पुन्हा मोजायची वेळ आली तर तुलना त्यांच्याशीच करायची असते.